पिकनिक, सहल की फील्ड ट्रिप?

प्रश्न : मी भांडुपमधल्या एका अनुदानित सेमी-इंग्रजी शाळेत नव्याने लागले आहे. सातवीचा वर्ग माझ्याकडे आहे. मुख्याध्यापिकांनी 'फील्ड ट्रिप'चा प्रस्ताव इंग्रजीतून मागितला. आमच्याकडे दरवर्षी मुलांना वॉटर पार्कला नेतात, म्हणून मी तेच लिहून दिलं. कागद परत आला, वर शेरा होता : 'ही पिकनिक आहे, फील्ड ट्रिप नाही.' स्टाफरूममध्ये विचारलं तर एक बाई म्हणाल्या एक्स्कर्शन लिही, सर म्हणाले स्टडी टूर लिही, सगळं एकच. माझं स्वतःचं शिक्षण मराठीतून झालंय, त्यामुळे इंग्रजी शब्द चुकला की फार लाज वाटते. त्यातून पालकांच्या सभेत मी 'यंदा लेणी दाखवू या का?' असं नुसतं विचारलं, तर एक पालक म्हणाले, 'पैसे घेऊन पोरांना दगड दाखवणार का?' आता प्रस्तावात नेमकं काय लिहू, आणि मुलांना कुठे नेऊ? बहुतेक मुलांच्या घरी जास्त पैसे देणं जमणार नाही.
– एक शिक्षिका, भांडुप

उत्तर :

नमस्कार बाई,

पहिल्यांदा ती लाज काढून टाका. ज्यांनी तुम्हाला 'सगळं एकच' असं सांगितलं तेही मुंबईतल्या निम्म्या शाळांसारखेच बोलताहेत. सर्क्युलरवर वर 'फील्ड ट्रिप' छापायचं आणि खाली रिसॉर्टचं नाव, असं सर्रास चालतं. तुमच्या मुख्याध्यापिकांनी तो कागद परत पाठवला, याचा मला आनंद झाला. अशा बाई सगळ्या शाळांना मिळत नाहीत.

हा शब्द तुम्ही रोज ऐकता. शेजारच्या काकांना भेटायला त्यांच्या ऑफिसात गेलात आणि ते जागेवर नसले तर काय सांगतात? 'साहेब फिल्डवर गेलेत.' औषध कंपनीचा प्रतिनिधी, विम्याचा माणूस, पालिकेचा कीटकनाशक फवारणारा कर्मचारी, सगळे 'फिल्डवर' असतात. म्हणजे टेबल-खुर्ची सोडून, जिथे प्रत्यक्ष काम घडतं तिथे. फील्ड ट्रिपमधलं फील्ड तेच. वर्गात बसून जे कळत नाही ते कळून घ्यायला, ते जिथे आहे तिथे जाणं. दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच पाठ 'क्षेत्रभेट' नावाचा आहे, तोही याच अर्थाने. मराठीतून प्रस्ताव लिहायची वेळ आली तर बिनधास्त क्षेत्रभेट लिहा.

आता बाकीचे शब्द. पिकनिक म्हणजे मौज आणि खाणंपिणं, त्यात दुसरा हेतू शोधू नये. स्टडी टूर किंवा एज्युकेशनल टूर म्हटलं की आपल्याकडे एकापेक्षा जास्त दिवस, मुक्काम, आणि बहुधा दोन-चार ठिकाणं असतात. कॉलेजची मुलं कारखाना किंवा कंपनी बघायला जातात ती इंडस्ट्रियल व्हिजिट, त्यांच्या भाषेत 'आयव्ही'. एक्स्कर्शन हा शब्द बराच सैल आहे. एका दिवसात जाऊन परत यायची कुठलीही छोटी सफर त्यात बसते. ऑस्ट्रेलियातल्या शाळा आपल्या शैक्षणिक भेटींना हाच शब्द वापरतात, म्हणून तुमच्या सहकारी बाई अगदीच चूक नाहीत. अमेरिकेत बालवाडीतल्या मुलांना प्राणिसंग्रहालयात नेलं तरी ती फील्ड ट्रिपच. ब्रिटनमध्ये अशा भेटीला साधं स्कूल ट्रिप म्हणतात, आणि फील्ड ट्रिप हा शब्द जास्त करून भूगोल, भूशास्त्र, जीवशास्त्र अशा विषयांच्या प्रत्यक्ष कामासाठी ठेवतात. आपल्या शाळांमध्ये या दोन्ही वापरांची सरमिसळ झालीय. तुम्ही मात्र तो ब्रिटिश पद्धतीने, काटेकोर अर्थानेच घ्यावा असं मला वाटतं. मुलांचं भलं त्यात आहे.

व्याकरणाचं एवढंच बघा. इंग्रजीत फील्ड ट्रिप'वर' जातात. 'वी आर गोइंग ऑन अ फील्ड ट्रिप' असं लिहा, 'फॉर अ फील्ड ट्रिप' नको. तुम्ही वर्गाला नेणार असाल तर 'टेक द क्लास ऑन अ फील्ड ट्रिप टू...' आणि पुढे जागेचं नाव. फील्ड आणि ट्रिप हे दोन सुटे शब्द. हल्ली 'व्हर्च्युअल फील्ड ट्रिप' असंही ऐकाल, म्हणजे पडद्यावर एखादं ठिकाण दाखवणं. जाण्याआधीच्या तयारीसाठी ती चांगली आहे, पण जाण्याच्या ऐवजी म्हणून मला ती मान्य नाही.

हे झालं शब्दाचं. तुमच्या मुख्याध्यापिका ज्याच्यावर बोट ठेवताहेत ती गोष्ट याच्या पुढची आहे. कुठलीही जागा स्वतःहून फील्ड ट्रिपची होत नाही. मुलं काय विचारायला तिथे चालली आहेत, त्यावर ते ठरतं. मुलांच्या डोक्यात एक प्रश्न हवा, आणि त्याचं उत्तर तिथे गेल्याशिवाय मिळू नये. असा प्रश्न असेल तर भांडुप स्टेशनबाहेरची भाजी मंडईसुद्धा फील्ड आहे. तो नसेल तर जगातलं सगळ्यात मोठं संग्रहालयही नुसतं फिरून येण्यापुरतं.

मुंबईला ही गोष्ट नवीन नाही. 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस होते. हे स्कॉटिश गृहस्थ आधी जीवशास्त्र शिकवायचे, मग नगररचनेकडे वळले. आधी गावात पायी हिंडा, लोक कुठे पाणी भरतात, कुठे बाजार भरतो ते बघा आणि मगच नकाशाला हात लावा, हा त्यांचा आग्रह होता. एडिंबरात त्यांनी एक जुना मनोरा घेऊन तिथून लोकांना आपलंच शहर बघायला शिकवलं. आणि आपल्या ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी तर कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. 'कुरणशाळा' हे तिचं नाव. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे जाईल, आणि तिथलं गवत, दगड, पाखरं हेच धडे होतील, असा तो विचार. तुम्ही मराठीतून शिकलात म्हणून मागे आहात असं वाटत असेल तर हा वारसा आठवा. फील्ड हा शब्द इंग्रजी असला तरी ते काम आपल्या बायकांनी इथे, मुंबईपासून काही तासांवर, करून दाखवलंय.

आता तुमच्या वर्गासाठी माझा सल्ला. कान्हेरीला न्या. लेणी दाखवायचा तुमचा विचार अगदी बरोबर होता, फक्त 'लेणी बघायला' असं न म्हणता 'पाणी शोधायला' असं म्हणा.

तुम्ही भांडुपच्या. तुमच्या मुलांच्या घरापासून थोड्या अंतरावर पालिकेचं जलशुद्धीकरण संकुल आहे, मुंबईच्या पाण्याचा मोठा हिस्सा तिथे शुद्ध होतो. त्याच्या पलीकडे विहार तलाव. 1860 साली तो पुरा झाला आणि मुंबईला नळाचं पाणी पहिल्यांदा मिळालं ते त्याच्यातून. त्याच्या वरच्या अंगाला तुळशी तलाव, 1879 चा. आणि याच डोंगरांमध्ये, त्याच राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. ती साधारण दोन हजार वर्षांपूर्वी खोदायला सुरुवात झाली आणि पुढे हजारेक वर्षं तिथे भिक्षूंची वस्ती होती. एवढी माणसं एका उघड्या खडकावर राहत होती. पाऊस चार महिने. मग उरलेले आठ महिने ती काय पीत होती?

हा झाला प्रश्न. सातवीच्या मुलाला तो लगेच कळतो, कारण घरी पाणी किती वाजता येतं आणि कुणी भरायचं हे त्याला ठाऊक असतं.

उत्तर तिथे दगडात कोरलेलं आहे. बहुतेक लेण्यांच्या बाहेर, दाराच्या बाजूला, खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं दिसतं. त्याला पोढी म्हणतात, तिथल्या प्राचीन शिलालेखांतही हा शब्द येतो. वर डोंगराच्या पाठीवर छोटे छोटे पाट कोरलेले आहेत. पावसाचं पाणी त्यांतून वाहत येऊन टाक्यांत पडावं अशी ती सोय आहे. मुलांना पाट शोधायला लावा. एका टाक्यापासून उलट वर चढत जायचं आणि पाणी कुठून येत असेल ते बोटाने दाखवायचं. एका पोराला पहिला पाट सापडला की मग बाकीच्यांना थांबवावं लागतं.

मग मोजायचं. सुतळीला मीटर-मीटरवर गाठी मारून न्या. टाक्याची लांबी-रुंदी काठावरून, सुरक्षित जागेवरून मोजता येते. खोली मात्र मुलांना वाकून मोजू देऊ नका, ती तुम्ही अंदाजाने सांगा. समजा टाकं तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल निघालं, तर बारा घनमीटर, म्हणजे 12,000 लिटर. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर धरलं तर आठ कोरड्या महिन्यांत एका माणसाला साधारण 960 लिटर लागतात. म्हणजे एवढ्या टाक्यावर बारा माणसं निभावली असती. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. तुमच्या मुलांनी मोजलेले आकडे त्यांचे स्वतःचे असतील आणि ते वेगवेगळे येतील. येऊ देत. कुणाचे का चुकले यावर शाळेत परतल्यावर एक अख्खा तास जाईल, आणि घनफळ त्यांना जन्मभर लक्षात राहील.

मी शाळेत शिकवत असताना अशाच एका भेटीत एका मुलीने विचारलं होतं, 'मग ते आंघोळ कुठे करायचे?' मला उत्तर येत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. त्या प्रश्नावरून तिच्या गटाने घरी जाऊन आपल्या कुटुंबाला रोज किती बादल्या लागतात ते लिहून काढलं. पिण्याचं पाणी किती आणि धुण्या-आंघोळीचं किती, हे त्यांनी आधी कधी वेगळं करून पाहिलं नव्हतं. बाई, तुम्ही सगळी उत्तरं पाठ करून जायची गरज नाही. मुलांसमोर 'मला माहीत नाही, शोधू या' म्हणायला मागेपुढे पाहू नका.

इतिहासाचा एक धागाही जोडून घ्या. मुलं गेल्या वर्षी सहावीत सातवाहन शिकून आलीत. कान्हेरीच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. कुणी हे लेणं दिलं, कुणी पोढी दिली, कुणी भिक्षूंच्या कपड्यांसाठी रक्कम ठेवली, असा बराचसा मजकूर आहे. देणाऱ्यांत व्यापारी आहेत, भिक्षुणी आहेत, सोनारही आहेत. आणि ते कुठले? कल्याणचे, सोपाऱ्याचे, चौलचे. भांडुपची मुलं कल्याण लोकल रोज बघतात. त्या फलाटावर लिहिलेलं गाव इतक्या जुन्या दगडावरही आहे, हे त्यांना तिथे उभं करून सांगा. तीन क्रमांकाच्या लेण्यातला मोठा चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं दालन, आणि व्हरांड्यातल्या उंच बुद्धमूर्ती दाखवाच, पण तिथे व्याख्यान देऊ नका. पाच मिनिटं गप्प बसून बघू दे.

खर्चाचं म्हणाल तर पुरातत्त्व खात्याचं तिकीट 15 वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. उद्यानाचं प्रवेशशुल्क आणि बोरिवलीपर्यंतचा प्रवास एवढाच मुख्य खर्च. लेणी फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत आहेत, तिथपर्यंतच्या गाडीची चौकशी आधी करून ठेवा. डबा घरचा. ज्यांना तेवढेही पैसे देणं जड जाईल त्यांची यादी वर्गात वाचू नका, 'कुणाकुणाला जमणार नाही, हात वर करा' असं तर मुळीच विचारू नका. हे मी कळकळीने सांगते. पैशांमुळे मागे राहिलेलं मूल त्या दिवशी घरी काय करत बसतं याचा विचार करा. सहकाऱ्यांकडून, माजी विद्यार्थ्यांकडून, कुठूनही गुपचूप भरपाई करा, पण अख्खा वर्ग न्या.

जाण्याआधी एकदा स्वतः जाऊन या. हे टाळता येणारं काम नाही. शौचालय कुठे, सावली कुठे, निसरडं कुठे, कुठल्या टाक्याजवळ मुलांना जाऊ द्यायचं आणि कुठल्या नाही, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ठरवू नका. तिथली माकडं हातातली पिशवी हिसकावतात, तेव्हा खाऊ पाठीवरच्या बंद दप्तरात. पाऊस ओसरल्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा, टाकी भरलेली असतात आणि खडक वाळलेला. भर पावसात नको. शिक्षण विभागाची परवानगी, पालकांची संमतिपत्रं, प्रथमोपचाराची पेटी, हे सगळं मुख्याध्यापिका सांगतीलच. माझ्या मते दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवंच, आणि मुलींसोबत बाई हव्यात.

एक गोष्ट मात्र करू नका. चाळीस रिकाम्या जागांची छापील प्रश्नपत्रिका मुलांच्या हातात देऊ नका. मग ती माहितीफलकावरून उतरवत बसतात आणि लेण्याकडे पाठ करून उभी राहतात. पाच-पाच जणांचे गट करा. एक मोजेल, एक चित्र काढेल, एक लिहील, एक विचारेल, एक वेळ आणि सगळ्यांवर लक्ष ठेवेल. परत आल्यावर 'आमची सहल' हा निबंध नको. प्रत्येकाने एक गोष्ट लिहायची जी कळली, आणि एक जी अजून कळली नाही. दुसरी जास्त नीट वाचा.

त्या पालकांना काय सांगायचं? रागावू नका त्यांच्यावर. घामाचे पैसे आहेत, ते कशाला चाललेत हे विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पुढच्या सभेत सांगा की मुलं मुंबईचं पाणी शिकायला चालली आहेत, खर्च इतका आहे, त्याचा हिशेब हा. आणि परतल्यावर एका शनिवारी त्यांना वर्गात बोलवा, मुलांनाच सांगू दे काय मोजलं ते. भांडुपमध्ये पाण्याच्या वेळा सांभाळत नोकरी करणाऱ्या आईबापाला हा विषय समजावून सांगावा लागत नाही.

आणि पिकनिक बंद करू नका. दहा बाय दहाच्या खोलीत वाढणाऱ्या मुलांना पाण्यात धुमाकूळ घालायला मिळणं हीसुद्धा गरज आहे. परवडेल तेव्हा न्या, फक्त सर्क्युलरवर सरळ पिकनिक लिहा. काही शिकवण्याचं निमित्त न देता मुलांना आनंदासाठी नेता येतं, त्यात शाळेने संकोचायचं काही कारण नाही.

कान्हेरी यंदा जमलं नाही तर दुसरे पर्याय आहेत. माहीमचं निसर्ग उद्यान कधीकाळी कचराभूमी होती, तिथे आज जंगल उभं आहे. 'कचऱ्यावर झाड कसं उगवलं?' हा प्रश्न घेऊन जा. राणीच्या बागेत प्राण्यांकडे न बघता फक्त झाडं बघायला न्या. गोरखचिंच, कैलासपती, उर्वशी, ही कुठल्या कुठल्या देशांतून इथे आली ते नकाशावर लावायचं. ती बाग बुधवारी बंद असते. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र 1985 पासून आहे, पण तिथे सगळं बघायला गेलात तर काहीच पाहून होत नाही. प्रकाश किंवा ध्वनी, एकच विषय ठरवा. हिवाळ्यात खाडीत अग्निपंख, म्हणजे फ्लेमिंगो, येतात, त्यासाठी ऐरोलीचं किनारी जैवविविधता केंद्र तुम्हाला जवळ पडेल. निसर्गाच्या भेटींसाठी माणूस हवा असेल तर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पत्र लिहा. 1883 पासूनची ही संस्था आहे, आणि गोरेगावला त्यांचं शिक्षण केंद्र राष्ट्रीय उद्यानाला लागूनच आहे.

प्रस्तावाचा मथळा असा लिहा : 'अ वन-डे फील्ड ट्रिप टू कान्हेरी केव्हज फॉर स्टँडर्ड सेव्हन'. खाली उद्देशाच्या रकान्यात एकच ओळ : 'टू फाइंड आउट हाऊ द पीपल ऑफ कान्हेरी स्टोअर्ड रेनवॉटर'. त्याखाली जाण्याआधी वर्गात काय कराल, तिथे काय कराल आणि परतल्यावर काय कराल हे तीन छोट्या परिच्छेदांत. इंग्रजी साधं ठेवा, भारी शब्द नकोत. शेवटी खर्चाचा तपशील आणि सोबत येणाऱ्या शिक्षकांची नावं. तारीख टाकताना सोमवार टाळा, राष्ट्रीय उद्यान त्या दिवशी बंद असतं.